नळावरचा थर आणि खांद्यातला खडा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा डोंबिवलीत ज्या सोसायट्यांना टँकर नि बोअरवेलवर भागवावं लागतं, तिथे नळाच्या तोंडावर, गीझरच्या कॉइलवर पांढरा क्षार धरतो. पुढे खांद्याच्या एक्स-रेत तसाच पांढरा ठिपका दिसला, की वाटतं, पाण्यातलं कॅल्शियम सांध्यात बसलं. आता दूध बंद. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर २००. असं जड पाणी रोज दोन लिटर प्यायलं तरी ४०० मिलिग्रॅमच होतात, आणि प्रौढ माणसाची रोजची गरजच सुमारे १,००० मिलिग्रॅम आहे. शिवाय रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी काटेकोरपणे राखतात. आहारातून कमी पडलं तर त्या ते हाडांतून काढून घेतात. म्हणजे दूध सोडल्याने खडा विरघळत नाही, हाडं मात्र झिजू लागतात.

हा खडा कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, तयार होतो. बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान तिथल्या पेशींचं रूप पालटतं आणि क्षाराचे कण धरतात. रक्तातलं कॅल्शियम तेव्हा सहसा नॉर्मलच असतं. ‘लोकलची कडी धरून धरून झालं’ हे कल्याणहून उभ्याने जाणाऱ्याला पटतं, कारण हात वर नेला की कळ येते. तरी अंगमेहनतीशी या आजाराचा थेट संबंध आढळलेला नाही. कडीमुळे दुखणं जागं होतं, एवढंच. सगळ्यात फसवी असते ती वेदना. खडा बनताना खांदा बऱ्याचदा शांत असतो आणि झोप उडवणारी कळ येते ती शरीर तो खडा शोषून घेऊ लागतं तेव्हा. त्यामुळे कळ वाढली म्हणून लगेच शस्त्रक्रियेकडे धावू नये, जोरजोरात चोळूनही घेऊ नये. बहुतेकांना वेदनाशामक आणि फिजिओथेरपी पुरते. नाहीच पुरली तर सोनोग्राफीत पाहत सुईने खडा धुऊन काढता येतो.

मग रक्तातल्या क्षारांचा दोष कधीच नसतो का? असतो. किडनी निकामी झालेल्यांत फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांतही क्षार साचतो. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी कोणी महिनोन् महिने रोज घेतली, तर कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाऊन किडनीला इजा होते. अशांनी, आणि ज्यांच्या अंगात अनेक जागी साठे दिसतात त्यांनी, कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासून घ्यावं.