पाण्यात उभी असूनही केळ का करपते? उत्तर दडलंय पेशीत

माणिकपूर (वसई) : लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटतं. ते पाणी फोडींच्या आतलंच असतं, मीठ ते बाहेर ओढतं. वसई पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं झालं की केळीच्या बागेतही असंच काहीसं घडतं. मुळाशी ओल असते, तरी पानांच्या कडा करपतात.

पेशीच्या आत काय असतं?

केळीचं मूळ, पान, फळ सगळं बारीक पेशींनी बनलेलं असतं. प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं. ते मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ. मेदाचे दोन थर आणि त्यात प्रथिनांची दारं, अशी त्याची रचना. पाणी त्यातून सहज ये-जा करतं. मिठाला मात्र दारातूनच यावं लागतं.

आत प्रत्येकाचं काम ठरलेलं. रिक्तिका म्हणजे पाण्याची टाकी, ती भरलेली असली की पान ताठ राहतं. हरितलवक उन्हात अन्न बनवतं. तंतुकणिका त्या अन्नातून ऊर्जा काढते. केंद्रक सगळ्या कामांवर ताबा ठेवतं.

खाऱ्या पाण्याने काय बिघडतं?

पाणी नेहमी जास्त खारटपणाकडे ओढलं जातं. मुळाबाहेर मीठ वाढलं की मुळाला पाणी खेचता येत नाही. टाकी रिकामी होते, पान मलूल पडतं. पुढे मीठ आत शिरून पानांच्या कडांना साठतं आणि हरितलवकांचं काम मंदावतं. मीठ बाहेर ढकलण्यातच ऊर्जा खर्च होते, मग घड कसा भरणार?

खाडीकाठची तिवरं मात्र हिरवीगार असतात. त्यांची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, उरलेलं पानांवाटे टाकतात. पान चाटून बघा, खारट लागतं! केळीकडे ही सोय नाही.

काय कराल?

• उन्हाळ्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. अहवालात 'ईसी' हा आकडा बघा. तो ०.७ पेक्षा कमी असेल तर खारेपणाची काळजी नाही, ३ च्या वर असेल तर धोका मोठा.
• पान सुकलं म्हणून तेच खारं पाणी जास्त देऊ नका.
• भरतीचं पाणी शेतात शिरलं तर आधी त्याचा निचरा करा, मग गोड्या पाण्याने जमीन धुवा.
• माती तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नका.

आणि एक गोष्ट. आपली बावखलं पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरवतात, त्या पाण्याच्या दाबाने खारं पाणी मागे राहतं. बावखल बुजवलं की आधी विहीर खारी होते, मग केळीची एकेक पेशी सुकते. राजेळी आणि सुकेळी टिकवायची, तर बावखल राखायलाच हवं.