दिवस मावळता जड होणारे ओटीपोट
शिरांचे आरोग्य : लेखांक पाचवा

ओटीपोटाच्या एका जुनाट दुखण्याला दिवसाचे वेळापत्रक असते. सकाळी उठताना ते जवळजवळ नसते. दुपारी जाणवू लागते, संध्याकाळी कंबर आणि मांड्यांपर्यंत ओढ लागते, आणि अर्धा तास आडवे झाले की उतरते. पाळीच्या आधीचे चार-सहा दिवस त्यातले सगळ्यांत वाईट. शरीरसंबंधानंतर हाच ठणका काही तास मागे रेंगाळतो. ‘दुखतं असं नाही, पण खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं,’ असे बायका त्याचे वर्णन करतात आणि बहुतेक जणी ते दमणुकीच्या खात्यावर टाकतात.

विलेपार्ल्यात अशी दमणूक दाखवायला लांब जावे लागत नाही. पूर्वेला पोळीभाजी केंद्रांत सकाळपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बायका, पश्चिमेला इर्ल्याच्या बाजारात काउंटरमागे उभ्या विक्रेत्या, वर्गात फळ्यापुढच्या शिक्षिका, कूपर आणि नानावटीच्या वॉर्डांमधल्या परिचारिका. जलद गाडी पार्ल्याला थांबत नाही, त्यामुळे चर्चगेटकडे जाणारीला धीम्या गाडीत पाऊण तास, आणि बहुधा तोही उभ्यानेच. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिलांसाठी खास गाडी सुरू केली. तिने धक्के कमी केले, उभे राहणे मात्र टळले नाही. उभे राहण्याने हा आजार जन्मतो असे नाही. पण जिच्या शिरा आधीच सैलावल्या आहेत, तिचा त्रास उभे राहण्याने नक्की वाढतो.

मागच्या लेखांत पायांच्या फुगलेल्या शिरांची, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सची माहिती आली. ओटीपोटात घडते तेही तसेच, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. अंडाशयाचे आणि गर्भाशयाच्या भोवतीचे रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त उलटे खाली येते, साचते आणि शिरांची जाळी फुगतात. डॉक्टर याला ‘पेल्विक कंजेशन सिंड्रोम’ म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद रिशे यांनी अशा फुगलेल्या शिरांचे वर्णन १८५७ मध्ये केले होते. अमेरिकेतल्या हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मध्ये त्यांचा ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याशी संबंध जोडला. तरीही पुढची कित्येक दशके असे दुखणे ‘मानसिक’ ठरवून बायकांना परत पाठवले गेले. हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता.

बिघाड डावीकडे जास्त का होतो, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. उजव्या अंडाशयाची शीर थेट पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते. डावी मात्र आधी डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत काटकोनात शिरते. तिचा प्रवास लांबचा आणि तिच्यावर दाब अधिक. त्यातच ती मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते. काही जणींत तिथे ती चिमटली जाते आणि मागचे रक्त अंडाशयाच्या शिरेत उलटते. आणखी खाली, डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखाली दबण्याचा प्रकारही आहे. मे आणि थर्नर या डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले. पुरुषांमध्ये अंडकोषावरच्या शिरा फुगतात, म्हणजे व्हेरिकोसील होते, तेही बहुधा डावीकडेच. कारण तिथेही रचना हीच.

बाळंतपणांचा वाटा मोठा आहे. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढत्या गर्भाचा दाबही असतो. या काळात अंडाशयाच्या शिरा कित्येक पटींनी रुंदावतात. बाळंतपणानंतर त्या आवळल्या जाव्यात अशी शरीराची व्यवस्था आहे. दर वेळी ती पुरी पडतेच असे नाही. म्हणून दोन-तीन बाळंतपणे झालेल्या, विशी ते पंचेचाळिशीतल्या स्त्रियांत हा आजार अधिक दिसतो. पाळी कायमची थांबल्यावर तो सहसा ओसरतो.

निदान का हुकते? रुग्ण आडवी झाली की शिरा रिकाम्या होतात आणि बहुतेक तपासण्या आडवे करूनच होतात. दुर्बिणीतून पोट तपासताना तर पोटात वायू भरतात. त्या दाबाने शिरा आणखी चपट्या होतात आणि ‘सगळे ठीक आहे’ असा अहवाल हाती येतो. त्यामुळे कोणती तपासणी करायची यापेक्षा ती कशासाठी करायची, हे आधी ठरावे लागते. शिरांचा संशय मनात धरून, शक्य तर उभे किंवा अर्धवट बसवून केलेली डॉपलर सोनोग्राफी उलटा प्रवाह दाखवू शकते. अंडाशयाची शीर सहा मिलिमीटरहून रुंद असणे ही संशय वाढवणारी खूण. त्यापुढे एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, आणि शेवटी शिरेत बारीक नळी घालून, रंगद्रव्य सोडून काढलेले चित्र.

मात्र शिरा फुगलेल्या दिसल्या म्हणजे दुखणे त्यांचेच, असे मानणेही घाईचे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्रपिंडदान करणाऱ्या २७३ निरोगी स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांतल्या २७ जणींत अंडाशयाच्या शिरा फुगलेल्या आढळल्या पण त्यांतल्या सगळ्यांनाच त्रास होत होता असे नाही. शिवाय एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या गाठी, जंतुसंसर्ग, आतड्यांचे आणि मूत्राशयाचे विकार, आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही, अशा अनेक कारणांनी ओटीपोट दुखते. ती बाजूला सारून मगच शिरांकडे बोट दाखवता येते.

इथे बीड जिल्ह्याची आठवण ठेवायला हवी. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे प्रकरण गाजले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडचे आकडे शिरांच्या विकाराचे नव्हेत. पण ओटीपोट दुखते, अंगावरून जाते म्हटले की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला किती सहज दिला आणि घेतला जातो, हे त्यांतून दिसते. दुखणे शिरांचे असेल तर पिशवी गेल्यावरही अंडाशयाची सैल शीर जागेवरच राहते आणि दुखणेही राहू शकते. सोबत अंडाशयही काढले तर ऐन तिशी-चाळिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या तक्रारीचे कारणच शोधले नाही तिच्यासाठी एवढी किंमत कोणत्याही स्त्रीला मोजावी लागू नये.

उपचारांची सुरुवात साधी असते. दुखण्याची वही ठेवावी : किती वाजता, किती वेळ उभे राहिल्यावर, पाळीच्या कितव्या दिवशी, आडवे झाल्यावर किती वेळात उतरले. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद स्त्रीरोगतज्ज्ञाला अहवालाइतकीच उपयोगी पडते. कामात मधूनमधून बसावे, पाच मिनिटे चालावे. दुपारी जमेल तेव्हा पाय उशीवर ठेवून पडावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथण्याचा दाब थेट याच शिरांवर येतो. पायांचे घट्ट मोजे ओटीपोटातल्या शिरांना आवळू शकत नाहीत; मांड्यांवर शिरा असतील तरच त्यांचा उपयोग. आणि बसण्याची मुभा ही काही मालकाची मेहेरबानी नव्हे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली. इर्ल्याच्या दुकानांतही काउंटरमागे एक स्टूल मावते.

एवढ्याने भागले नाही तर काही काळ संप्रेरकांची औषधे देतात. त्यांनी आराम पडतो, पण औषध थांबले की त्रास परतू शकतो. पूर्वी कधी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर अशी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवे. कायमचा उपाय म्हणून १९९३ पासून एम्बोलायझेशन केले जाते. इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन बिघडलेली शीर धातूच्या सूक्ष्म कॉइलने, कधी फेसाळ औषधाने, आतूनच बंद करतो. पोट उघडावे लागत नाही, भूल बहुधा जागेपुरती असते आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. नीट निवडलेल्या बहुतेक स्त्रियांना चांगला आराम पडतो. पण या उपचाराच्या काटेकोर तुलनात्मक चाचण्या अजून थोड्याच झाल्या आहेत, म्हणून घाई करू नये. दुसरे मत घ्यावे. मोठी शीर दबलेली असेल तर आधी ती मोकळी करण्याचा, कधी स्टेंट घालण्याचा विचार होतो.

पायांच्या शिरांवर लेझर करूनही त्या पुन्हा फुगल्या, विशेषतः मांडीच्या आतल्या-मागल्या बाजूला किंवा नितंबावर, तर उगम ओटीपोटात आहे का ते पाहायला सांगावे. गरोदरपणात योनीच्या बाहेरच्या ओठांवर निळसर शिरा टरारतात. लाजेने बायका त्या दाखवत नाहीत, पण प्रसूतितज्ज्ञाला त्या जरूर दाखवाव्यात. डाव्या कुशीवर झोपल्याने आणि आधार देणाऱ्या कपड्यांनी बरे वाटते, बाळंतपणानंतर बहुतेकींच्या त्या काही आठवड्यांत मावळतात आणि केवळ त्यांच्यामुळे सिझेरियन करावे लागत नाही. एकच पाय अचानक सुजला व दुखू लागला, छातीत दुखून धाप लागली किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. पुढच्या आठवड्यात अचानक पाय सुजवणाऱ्या गुठळीविषयी, म्हणजे खोल शिरांत गोठणाऱ्या रक्ताविषयी.