जुन्या मोटारीचे ब्रेक जड कां होतात?

घाट उतरतांना पेट्रोल वाचावें म्हणून इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून देणारे चालक आपण पाहिले असतील. ही बचत केवढी महाग पडूं शकते हें समजण्यासाठीं जुन्या मोटारींतील एका साध्या पत्र्याच्या डब्याची ओळख करून घेतली पाहिजे. त्या डब्याला सर्व्हो म्हणतात.

चालकाच्या पायाला मदत करणारी ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो गाड्यांवर ती १९२८ सालींच आली होती. डब्याच्या मध्यभागीं रबराचा पडदा असतो. पेट्रोलचें इंजिन चालू असतां तें डब्यांतील हवा ओढून घेतें. त्यामुळें पडद्याच्या दोन्ही बाजूंस बहुधा विरळ हवा असते. चालकानें ब्रेकवर पाय दिला कीं एक झडप उघडते, पडद्याच्या मागें बाहेरची हवा शिरते आणि त्याला पुढें रेटते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम असतो. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरतें. डब्यांतील दोन तृतीयांश हवा निघाली तरी सुमारें २०० किलोग्रॅमांचा रेटा मिळतो.

ब्रेक बिघडले असें वाटलें कीं प्रथम पायाला काय जाणवतें तें पाहावें. पेडल दगडासारखें कठीण लागत असेल तर सर्व्होचा संशय घ्यावा. तें स्पंजासारखें मऊ लागत असेल तर तेलाच्या नळ्यांत हवा शिरली असावी. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं बसत असेल तर मुख्य सिलिंडरचें रबर झिजलें असावें किंवा कोठें तरी तेल गळत असावें. या शेवटच्या दोन दोषांसाठीं सर्व्हो खोलण्याचें कारण नाहीं.

सर्व्होची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांखालीं दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें, म्हणजे सांठलेली मदत संपून तें कठीण होतें. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर सर्व्हो काम करीत आहे. न गेलें, तर आधीं इंजिनापासून डब्यापर्यंतची रबरी नळी पाहावी. ती तडकलेली असते, किंवा कोणी साधी पातळ नळी बसविली असल्यास ओढीनें चपटी होते. मग नळीवरील एकमार्गी झडप काढून फुंकून पाहावी. हवा डब्याकडून इंजिनाकडेच गेली पाहिजे, उलट नव्हे. हीं दोन्हीं ठीक असून, पेडल दाबून धरल्यावर फुसफुस चालूच राहत असेल व इंजिनाची चाल बिघडत असेल, तर पडदा फाटला असण्याचा संभव मोठा.

आणखी एक खूण लक्षांत ठेवावी. ब्रेकचें तेल कमी होत जातें, गाडीखालीं थेंबही पडत नाहीं, आणि मागील नळींतून पांढरा धूर निघतो. अशा वेळीं तें तेल झिजलेल्या रबरांतून डब्यांत उतरून इंजिनांत ओढलें जात असावें. अशी गाडी दुरुस्तीवांचून रस्त्यावर आणूं नये.

आतां पुन्हा घाटाकडे वळूं. इंजिन बंद झालें तरी एकमार्गी झडप डब्यांतील हवा विरळ राखते. म्हणून पुढें दोन-तीन वेळां ब्रेक हलकेच लागतात आणि चालकाला कांहीं संशय येत नाहीं. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर पहिलीं वळणें सुखरूप पार पडतात. त्यापुढच्या वळणावर मात्र पेडल एकाएकीं कठीण होतें. ब्रेक तेव्हांही लागतात, पण कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. आणि बंद इंजिनानें गाडी सोडलेली असल्यामुळें गिअरचा आवरही उरलेला नसतो. हें ज्याला ठाऊक नाहीं, तो पेडल अडकलें असें समजून पाय उचलतो. अपघात होण्यास तेवढा क्षण पुरेसा असतो.

म्हणून उतारावर इंजिन चालू ठेवावें, गाडी खालच्या गिअरमध्यें घ्यावी, आणि घाटापूर्वीं वर सांगितलेली परीक्षा करावी. तिला दोन मिनिटेंही लागत नाहींत.