चार आकड्यांची होडी

शर्यतीच्या होड्यांना नियम असतात म्हटलं की पुष्कळांना वाटतं, सगळ्या होड्या एकाच साच्यातल्या असणार. ऑलिंपिकमधल्या नॅक्रा १७ बद्दल ते खरंही आहे. पण एकट्याने हाकायच्या ‘ए क्लास’ कॅटमरानची नियमावली जेमतेम चार आकड्यांवर उभी आहे: लांबी जास्तीत जास्त ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, शीड १३.९४ चौरस मीटर आणि वजन किमान ७५ किलो. एवढं पाळलं की दोन्ही हलचा (होडीच्या दोन धडांचा) आकार, डोलकाठीची जाडी, शिडाची कापणी हे ज्याचं त्याने ठरवायचं. मात्र शिडाच्या क्षेत्रफळात डोलकाठीही मोजतात. काठी जाड केली की कापड तेवढं कमी होतं.

होडी जितकी हलकी तितकी वेगवान, हा दुसरा समज. ७५ किलोच्या खाली गेलात तर वजन जोडून भरपाई करावी लागते. तरीही बांधणारे ग्रॅम-ग्रॅम वाचवतात, कारण दोन्ही टोकांचं वाचवलेलं वजन मध्यभागी मजबुतीसाठी वापरता येतं. टोकं हलकी असली की होडी लाटांवर कमी डुलते.

सगळ्यात मोठा घोटाळा हायड्रोफॉइलबाबत, म्हणजे होडीला पाण्याच्या वर उचलून ‘उडवणाऱ्या’ पाण्यातल्या पात्यांबाबत आहे. ‘आधी बंदी होती, मग उठवली’ असं सर्रास सांगितलं जातं. २००९च्या सुमारास आलेल्या नियमाने उडणं कुठेच मना केलं नव्हतं, फक्त वाट अडवली होती. पाती हलमध्ये वरूनच घालायची आणि त्यांच्या टोकांत किमान दीड मीटर अंतर ठेवायचं. होडीच्या रुंदीतून हे दीड मीटर वजा केलं तर प्रत्येक बाजूला ४० सेंटिमीटरची पट्टी उरते. मॉथ होडीचं उलट्या टीसारखं फॉइल तिथे बसेना. पण २०१३च्या अमेरिकाज कपमध्ये ७२ फुटी कॅटमरान सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उडताना सगळ्यांनी पाहिल्यावर थांबतंय कोण? त्या अडचणीच्या पट्टीतच आधी जे आणि मग झेड आकाराची पाती बसवली गेली. माझ्या मते अडवणाऱ्या नियमानेच इथे आकार घडवला. मॉथमध्ये पाण्यावर घासणारी कांडी फॉइलची झडप हलवून उंची राखते. ए क्लासमध्ये ते काम पात्याचा आकार, सुकाणूंचे आडवे पंख आणि ट्रॅपीझच्या तारेला लटकून पुढे-मागे सरकणारा खलाशी मिळून करतात. त्या खलाशाचं वजन बहुधा होडीएवढंच असतं.

उडणाऱ्या होड्या आल्यावर जुन्या मोडीत निघाल्या, हेही खरं नाही. न उडणाऱ्यांची ‘क्लासिक’ आणि उडणाऱ्यांची ‘ओपन’ अशी वेगळी गणती होते. वारा पडला की उडायला बांधलेल्या होडीला तीच पाती पाण्यात ओढून धरतात, आणि मग क्लासिकवाले खुशाल पुढे निघून जातात.