सीट मऊ, कंबर मोडलेली

चिंचोटीहून कामण, खारबाव करत अंजूरफाट्याला येणारा रस्ता पिकअपवाल्यांना खड्ड्यांसकट पाठ असतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि भिवंडीची गोडाऊनं यांना जोडणारा हा रस्ता. पूर्णा, दापोडे, वळ, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात दिवसभर माल चढतो-उतरतो आणि तो वाहणाऱ्यांत जुन्या बोलेरो पिकअप, टाटा ४०७ आणि छोटे हत्ती (टाटा एस) असतातच. मालक इंजिनचं ऑईल बघतो, टायर बघतो. सीटची आठवण होते ती कंबर धरल्यावर. मग टपरीवर जितके कप चहा, तितके सल्ले. त्यातले बरेचसे पैसे घालवणारे आहेत आणि काही कंबरही घालवणारे.

‘जाड, मऊ गादी टाक, धक्काच लागणार नाही’

सगळ्यात जास्त चालणारा सल्ला हाच. बसलेल्या माणसाच्या शरीराला वर-खाली होणारी सगळीच हालचाल सारखी बाधत नाही. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी थरथर मणक्याला सर्वांत जास्त झोंबते; कंपनं मोजण्याचं आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच धरून चालतं. आता गंमत अशी, की साध्या फोमच्या सीटवर माणूस बसला की त्या जोडीची स्वतःची लयही सेकंदाला चारच्या आसपास असते. त्यामुळे त्या लयीचा हादरा फोम अडवत नाही, वाढवून वर पाठवतो. गाडीच्या पत्र्याला बसला त्यापेक्षा जास्त हादरा ड्रायव्हरला बसू शकतो.

गादी फार मऊ असली तर मोठ्या खड्ड्यात ती पूर्ण दबते आणि माणूस थेट फ्रेमवर आपटतो. मोठ्या ट्रकमधल्या सस्पेन्शनच्या सीट आरामाच्या वाटतात त्या मऊपणामुळे नव्हे. खालची यंत्रणा सावकाश, सेकंदाला दोनदा किंवा त्याहून कमी वेळा झुलते, म्हणून. पण त्या यंत्रणेला खाली चांगली उंची लागते. पिकअपच्या केबिनमध्ये ती बसवली तर ड्रायव्हरचं डोकं टपाला लागेल.

‘फोम बसला, बाकी सीट ठीक आहे’

कव्हर उसवून बघितल्याशिवाय हे कुणी सांगू नये. जुनी सीट उघडली की पहिल्यांदा पिवळट-तपकिरी भुगा सांडतो. तो उष्णतेने आणि घामाने कुजलेला फोम. त्याच्याखाली फाटलेलं गोणपाट, आणि गोणपाटाखाली नागमोडी स्प्रिंगा. त्यातली एखादी तुटलेली, एखादी हुकातून निसटलेली. दरवाज्याकडच्या कडेची तर हमखास. कारण ड्रायव्हर दिवसात कितीतरी वेळा चढतो-उतरतो आणि दर वेळी सगळं वजन त्याच कडेवर टाकून सरकतो. ती कड बसली की माणूस दिवसभर उजवीकडे कलून बसतो, आणि कंबर दुखायला लागते. त्यात मागच्या खिशात जाडजूड पाकीट असेल तर विचारूच नका.

अशा वेळी तुटलेल्या स्प्रिंगांवर प्लायचा तुकडा टाकून वर फोम चढवायचा, हा झटपट उपाय. सीट बसत नाही हे खरं, पण स्प्रिंगांचं काम संपतं आणि धक्के लाकडातून सरळ वर येतात. स्प्रिंगा बदलून घ्या. तो खर्च फोमच्या मानाने मोठा नसतो, फक्त वेळ जातो, म्हणून कारागीर टाळतो.

‘जास्त डेन्सिटीचा फोम म्हणजे कडक फोम’

नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. फोम किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. मऊ की कडक, हे वेगळं गणित. एकाच डेन्सिटीत दोन्ही मिळतात. दुकानात सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे काट्यावर कळतं. २० बाय २० इंच, ४ इंच जाड असा चाळीस डेन्सिटीचा तुकडा एक किलोच्या किंचित वर भरायला हवा. पाऊण किलोही भरला नाही तर तो फार तर अठ्ठावीसचा आहे, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो. थर लावताना खाली घट्ट आणि वर पातळ मऊ, असा क्रम हवा.

छोट्या हत्तीच्या मालकांनी आणखी एक बघावं. त्या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं, त्यामुळे तिथलं उष्णतारोधक अस्तर ‘नुसतीच अडगळ’ म्हणून फेकून चालत नाही. गाडीच्या आतलं सामान किती वेगाने पेटावं यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. स्वस्त गादीचा फोम ते पाळेलच असं नाही.

‘मण्यांच्या कव्हरने कंबर सुटते’

हवा खेळते, घाम कमी येतो. बस, तेवढंच. हादरा तसाच येतो.

‘कारची सीट काढून बसव’

भंगारातली कारची बकेट सीट दिसायला छान असते. फ्रेमची भोकं जुळत नाहीत, मग पट्ट्या वेल्डिंग करून ती बसवली जाते. माझ्या मते हा सगळ्यात धोक्याचा उपाय. अपघातात सीट आणि तिच्यावरचा माणूस दोघांचा ताण सीट धरणाऱ्या बोल्टांवर येतो, म्हणून सीट आणि तिची बैठक यांच्या चाचण्यांसाठी एआयएस-०२३ हे मानक आहे. वेल्डिंगवाल्याच्या पट्टीची असली चाचणी कुणी घेतलेली नसते. शिवाय कित्येक गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्या फ्रेमलाच असतं. सीट बदलली की बेल्टचाही भरवसा जातो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेले आणि आरसी बुकात नोंदवलेले तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. तीन माणसांच्या बाकाऐवजी दोन सीट टाकल्या तर आसनसंख्याच बदलते. त्याच मॉडेलची कंपनीची सीट आणणं किंवा आहे ती नीट करून घेणं, याला मात्र काही आडकाठी नाही.

‘दोष सीटचाच’

माल भरून जाताना गाडी सुतासारखी जाते आणि खाली करून खारबावला परतताना हाडं खिळखिळी करते. सीट तर तीच असते! मागचे पाटे टनाच्या हिशेबाने बनवलेले, रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत. जास्त माल भरता यावा म्हणून वर एखादा पाटा वाढवला असेल तर विचारायलाच नको. त्यात टायरमध्ये लोडची हवा ठासलेली. कंपनीने रिकाम्या गाडीसाठी वेगळी हवा सांगितली असेल तर ती पाळून बघावी. शॉकॲब्सॉर्बर गळतोय का, केबिनखालचे रबर चपटे झालेत का, हेही बघावं. हे न बघता सीटवर पैसे घातले तर दोन महिन्यांत तक्रार परत येते.

आणि सीटची रेल. गाडी घेतल्यापासून ती जागची हललेली नसते, धूळ आणि गंजाने जाम. सीट मागेच अडकली तर अंजूरफाट्याच्या कोंडीत प्रत्येक क्लचला कंबर पिळावी लागते. रॉकेलने धुऊन, ब्रश मारून, ग्रीस लावली की बहुतेक वेळा सुटते. पाठही पार सरळ ठेवू नये. स्वीडनचे सर्जन आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकापासून मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब प्रत्यक्ष मोजला होता: आधाराशिवाय बसलं की तो उभं राहण्यापेक्षा वाढतो, पाठ थोडी मागे रेलली आणि कंबरेला टेकू मिळाला की उतरतो. कंबरपट्ट्याच्या उंचीवर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली तरी फरक कळतो.

‘सरकारने एसी केबिन सक्तीची केली, आता सगळं सुधारेल’

१ ऑक्टोबर २०२५ पासूनचा तो नियम साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांसाठी आहे. त्याखालची पिकअप त्यात नाही, जुनी गाडी तर नाहीच.

सीट भरून आणली की बसण्याची उंची वाढलेली असते, म्हणून गाडी काढण्याआधी आरसे लावून घ्या. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा दबतो, तेव्हा ते पुन्हा एकदा लावावे लागतात.