मांजराला भूक लागली, नाणी संपली

चारकोपच्या सेक्टरांमधली बरीचशी घरे १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या लहान भूखंडांवर उभी राहिली. घर लहान, माणसे चार-पाच, वर सोसायटीचे नियम. त्यामुळे कुत्रे किंवा मांजर पाळण्याचा मुलांचा हट्ट इथे बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी निकाली निघतो. मग मांजर फोनमध्ये येते. त्याला न्हाऊ घालायचे, भरवायचे, झोपवायचे, टोपी-चष्मा घालून नटवायचे. केस गळत नाहीत, लसीचा खर्च नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. आईचा फोन संध्याकाळी अर्धा तास मुलाच्या हाती गेला, तर त्यात वावगे काय, असे घरातल्या मोठ्यांना वाटते. त्या अर्ध्या तासात मूल मांजर जितके सांभाळते तितकाच एक छोटा बाजारही सांभाळत असते, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

असे प्राणी नवे नाहीत. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बंदाई कंपनीने ‘तामागोची’ बाजारात आणले. अंड्याच्या आकाराचे खेळणे, तीन बटणे आणि पडद्यावर ठिपक्यांनी काढलेला जीव. त्याला भूक लागली की ते वाजे आणि दुर्लक्ष झाले की मरे. जगभरच्या शाळांत त्यावर बंदी घालण्याची वेळ आली. लाखो माणसांचे कामाचे तास या खोट्या प्राण्यांच्या सेवेत घालवल्याबद्दल त्याच्या दोन निर्मात्यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ हे गमतीचे पारितोषिकही मिळाले. पण तामागोची एकदाच विकत घ्यावे लागे. त्यानंतर त्या जिवाला किती वेळा भूक लागते, यावर कंपनीची कमाई अवलंबून नव्हती.

फोनवरच्या खेळांत हे गणित उलटले. २०१२ चा ‘पू’ असो की २०१३ चा ‘माय टॉकिंग टॉम’, खेळ फुकट मिळतो. कमाई होते ती जाहिरातींतून आणि खेळाच्या आतल्या विक्रीतून. अशा खेळातले मांजर सहसा मरत नाही. ते उदास होते, पोटावर हात ठेवते, डोळे मोठे करून पाहत राहते. मेलेले मांजर काही खरेदी करत नाही, उपाशी मांजर करते. भूक किती वेगाने लागावी, हे पोट ठरवत नाही. तो बनवणाऱ्यांच्या तक्त्यातला एक आकडा असतो आणि तो हवा तसा बदलता येतो.

खेळांचे अर्थकारण आखणाऱ्यांच्या बोलीत दोन शब्द आहेत: नळ आणि मोरी. नाणी खेळात येतात तो नळ, म्हणजे छोटे खेळ जिंकणे, रोज हजेरी लावणे, पुढची पातळी गाठणे, जाहिरात पाहणे. नाणी खेळातून जातात ती मोरी, म्हणजे खाऊ, औषध, कपडे, घराचा रंग. पाण्याची वेळ सांभाळून जगणाऱ्या मुंबईकराला ही उपमा वेगळी समजावून द्यायला नको. पहिल्या दोन-चार दिवसांत नळ धो धो वाहतो. प्रत्येक टिचकीला नाणी उडतात, मांजर एकेका घासाने गुटगुटीत होते आणि मुलाला आपण श्रीमंत असल्यासारखे वाटते. मग नळ हळूहळू आवळला जातो आणि मोरी रुंद होत जाते. तोच खाऊ आता पुरत नाही, पुढचा सोफा तिप्पट महाग असतो. नेमक्या याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चमकणारे बटण येते: जाहिरात पाहा, नाणी मिळवा. किंवा त्याच्या शेजारचे दुसरे: हिरे विकत घ्या.

हिरे का? नाणी पुरेशी नव्हती का? पुष्कळ खेळांत दोन चलने असतात, त्यातले एक कष्टाने मिळते आणि दुसरे मुख्यतः पैशाने. समजा, एका झग्याची किंमत १२० हिरे आहे आणि दुकानात हिरे शंभराच्या थैलीतच मिळतात, थैली ८९ रुपयांना. झगा हवा तर दोन थैल्या, म्हणजे १७८ रुपये. झगा घेऊन ८० हिरे उरतात. ते परत करता येत नाहीत आणि त्यात मनासारखे काही येतही नाही, कारण पुढची आवडणारी वस्तू दीडशेला आहे. उरलेले हिरे वाया जाऊ नयेत म्हणून तिसरी थैली घेतली जाते. किराणा दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो तेव्हा गिऱ्हाईक निदान कुरकुर तरी करते.

पैशाचे असे रूपांतर मोठ्यांनाही भुलवते. अमेरिकेतल्या ‘एमआयटी’मध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी केलेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले. काहींना रोख पैसे द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. पैसे हातातून जाताना बोचते आणि ती बोच खर्चाला आवर घालते. मध्ये कार्ड आले की बोच बोथट होते. खेळात तर रुपयाचे आधी हिरे होतात, हिऱ्यांची नाणी होतात आणि नाण्यांचा खाऊ होतो. वडापाव केवढ्याला, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला नक्की माहीत असते, कारण नोट देऊन सुटे परत घेताना ते उभे असते. १७८ रुपयांत किती वडापाव येतील, हे विचारले तर ते बोटांवर मोजायला लागेल. झग्याच्या बाबतीत हा हिशेब त्याच्या डोक्यात येतच नाही, कारण खेळाच्या दुकानात रुपया फक्त शेवटच्या क्षणी दिसतो.

तरीही केवळ आकड्यांच्या गोंधळाने मूल इतके गुंतत नाही. लहान मुले वस्तूंना जीव असतो असे मानतात, हे ज्याँ पियाजे यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. तामागोचीच्या काळात मुलांशी बोलणाऱ्या ‘एमआयटी’च्या शेरी टर्कल यांना आणखी एक गोष्ट दिसली. जे आपल्याकडे काळजीची मागणी करते, त्यावर मुलांचा जीव जडतो. मांजर हुशार आहे, सुंदर आहे म्हणून नव्हे, तर ‘मला भरव’ म्हणते म्हणून. हा गुण माणसाच्या पिल्लात असणे चांगलेच आहे. धाकट्या भावंडाला घास भरवणारी ताई याच गुणाने घडते. पाळीव प्राण्यांच्या खेळात नेमका हाच गुण गल्ल्याला जोडलेला असतो.

मिशिगन विद्यापीठाच्या बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची १३५ ॲप तपासली. ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. काही ठिकाणी खेळातले पात्रच खरेदीचा आग्रह करत होते. एका खेळात तर खरेदीची चौकट काही न घेता बंद केली की पात्र रडू लागे. २०२२ मध्ये याच गटाने ३ ते ५ वर्षांची १६० मुले प्रत्यक्षात वापरत असलेली ॲप पाहिली आणि मुलांना रोखून धरणाऱ्या युक्त्यांचे चार प्रकार मांडले. त्यातला पहिला म्हणजे पात्राशी जडलेल्या नात्याचा दबाव. बाकीचे तीन म्हणजे वेळेचा दबाव, बाहेर पडण्याची वाट अडवणे आणि आमिष. पालकांचे शिक्षण कमी असलेल्या घरांतल्या मुलांच्या ॲपमध्ये अशा युक्त्या अधिक आढळल्या. म्हणजे खेळ ‘फुकट’ असण्याची गरज ज्या घरांना जास्त, तिथेच ओढही जास्त.

जाहिरातीचेही तसेच. आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू नीट उमगत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्येच काढला होता. मोठ्या माणसाला जाहिरात हा व्यत्यय वाटतो. मुलाला ते काम वाटते: अर्धा मिनिट बसून राहिले की मजुरी मिळते.

नशिबाच्या चाकाचा भाग थोडक्यात. रोज एकदा फिरवायचे चाक किंवा बंद पेटी यात काय निघेल ते सांगता येत नाही, आणि ओढ त्या न सांगता येण्यातच असते. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस सर्वांत चिवट सवय लावते, हे स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवले. पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत पाहिले, की डोपामिनच्या पेशी ठरल्याप्रमाणे मिळणाऱ्या रसाला फारशी दाद देत नाहीत, अनपेक्षित मिळालेल्या रसाला देतात. डोपामिन हा शब्द हल्ली कशालाही चिकटवला जातो. त्यामुळे हेही सांगायला हवे, की रोज चाक फिरवणारे मूल म्हणजे व्यसनी मूल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, खेळापुढे बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे, हे साधारण बारा महिने टिकून दिसावे लागते. मांजरासाठी रुसलेल्या सात वर्षांच्या मुलाला हे लेबल लावण्याची घाई करू नये.

पैसे खरोखर गेले की मात्र घरातले वातावरण बदलते. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत ‘ॲपल’ने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटे मुलांना हवे ते विकत घेता येत होते. त्यातल्या एका तक्रारीत मुलीने २६०० डॉलर खर्च केले होते, ‘टॅप पेट हॉटेल’ या प्राण्यांच्याच खेळात. चारकोपपासून चार स्थानके दूर असलेल्या जोगेश्वरीत ऑगस्ट २०२१ मध्ये घडलेले प्रकरण प्राण्यांच्या खेळाचे नव्हते, पण चलन तसेच होते. १६ वर्षांच्या मुलाने ‘पब्जी’तल्या खरेदीवर आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्च केले. घरी बोलणी बसली आणि चिठ्ठी लिहून तो निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली गुंफांजवळ सापडला आणि घरी परतला. पैशापेक्षा मोठी गोष्ट त्या एका रात्रीत गेली असती.

भारतात कायदा या बाजाराच्या काठापर्यंत आलेला आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई, पुन्हा पुन्हा टोकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वेषांतर केलेली जाहिरात हे त्यातलेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख मात्र पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मांजराच्या खेळात पैसे फक्त आत जातात, बाहेर येत नाहीत, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही. युरोपने मार्च २०२५ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. ‘स्टार स्टेबल’ या घोड्यांच्या खेळाच्या स्वीडिश कंपनीविरुद्ध कारवाई सुरू करतानाच तिथल्या ग्राहक यंत्रणांनी तत्त्वे जाहीर केली: वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दिसावी आणि नको असलेले जास्तीचे चलन गळ्यात मारू नये.

घरी करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, पण त्या पालकांनीच कराव्या लागतात. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नये. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुलाची झोप, शाळा, जेवण महिनोन्‌महिने बिघडलेले असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ वर बोलता येते. वेळेचा प्रश्न वेगळा. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनांनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाला एक तासापेक्षा जास्त आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा जास्त पडदा नको.

फोन हिसकावून घेणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण मुलाच्या दृष्टीने तो अर्ध्या जेवणावरून उठवलेल्या मांजराचा प्रश्न असतो. आधी मांजराला झोपवायचे आणि मग फोन ठेवायचा, एवढी दोन मिनिटे दिली तर रडारड पुष्कळ कमी होते. मांजर उपाशी राहिले तरी मरणार नाही, हेही मुलाला स्पष्ट सांगावे लागते. खेळ ते कधीच सांगत नाही. उलट, रात्री दहा वाजता मांजराला तुझी आठवण येते असा निरोप तो आईच्या फोनवर पाठवतो. तो निरोप सेटिंगमधून बंद करता येतो.

आणि युरोपात सरकार जी पाटी लावायला सांगते, ती वहीच्या मागच्या पानावरही लिहिता येते. मुलानेच सांगायचे, आईबाबांनी लिहायचे. समजा, टोपी ६०० नाण्यांना आणि एका जाहिरातीची ५० नाणी. तिसरीतल्या मुलाला इतका भागाकार येतो. बारा जाहिराती, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे सहा मिनिटे. त्यापुढे आणखी एक रकाना आखावा: ही टोपी मांजराने मागितली, की दुकानाने?