मुक्तिसदन
पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी स्थापिलेली निराधार स्त्रियांची ख्रिस्ती संस्था. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सु. ३०० अनाथ मुली व विधवा आणल्या. त्यांच्या शारदासदनास अमेरिकेतून मिळणाऱ्या साह्याची दहा वर्षांची मुदत तेव्हा संपत आली होती. तथापि निश्चित निधीची वाट न पाहता, ईश्वर पुरवील या श्रद्धेने त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली. १९०० च्या सुमारास गुजरातमधील दुष्काळपीडितांची भर पडून आश्रितांची संख्या सु. २,००० झाली. श्रद्धेला येथे श्रमाची जोड होती : शेती, विणकाम, मुद्रण इ. शिकवून स्त्रियांना स्वावलंबी करण्यात येई. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही येथील स्त्रियांनीच छापले.